नानांची वही, बॉटची वही : प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

गावी आले आहे. काल संध्याकाळी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवरच्या एका चॅटबॉटला पाऊण तास बसून आमच्या द्राक्षबागेची सगळी माहिती सांगितली. निफाड तालुका, दोन प्लॉट, वरच्यात थॉमसन, ओढ्याकडच्यात शरद, दोन्ही वाण डॉगरिज खुंटावर, ठिबक, विहिरीचं पाणी जरा खारं. आज सकाळी चहा घेताना नवीन चॅट उघडून विचारलं, "या पावसात छाटणी धरावी का थांबावं?" उत्तर आलं, "आपलं पीक कोणतं आहे?"

नानांनी फोन पालथा ठेवला. "कालच तर सगळं सांगितलं याला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटलं होतं. समजून घेणारा कोणी भेटला असं त्यांना काल वाटलं होतं, आणि सकाळी त्यानं ओळख दिली नाही. त्या बॉटमध्ये आठवणीची सोय चालू नव्हती, एवढंच कारण. पण हे नानांना कोणी सांगायचं?

म्हणून ठरवलं: नानांसाठी एक छोटा मदतनीस करायचा, आणि त्याचा सगळा जीव आठवणीत ठेवायचा. सल्ला देणारं मॉडेल विकत मिळतं, लक्षात ठेवणं मी बांधणार. नमुना समोरच आहे. नाना फवारणीची वही ठेवतात: तारीख, छाटणीपासूनचा दिवस, प्लॉट, औषध, पाणी किती, वारा-पाऊस. निर्यातीचा माल करायचा तर प्लॉटची नोंदणी लागते आणि मालात औषधांचे उर्वरित अंश तपासले जातात. शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही व्यवस्था त्यासाठी २००६ पासून आहे. वहीत चूक म्हणजे कंटेनर परत येण्याची भीती. त्यामुळे ही वही आमच्या घरात देवाच्या फळीवर असते.

१७ सप्टेंबर, बुधवार

पुण्यात परत. पाया नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे घोळ नको.

भाषेचं मॉडेल प्रशिक्षण संपलं की गोठतं. आपण बोललो म्हणून त्याच्या आतल्या आकड्यांत काहीही बदलत नाही. मग एकाच चॅटमध्ये त्याला मागचं वाक्य कसं कळतं? कारण प्रत्येक वेळी आपण 'पाठवा' दाबतो तेव्हा पहिल्या वाक्यापासूनचं अख्खं संभाषण पुन्हा त्याच्याकडे जातं. विसाव्या प्रश्नाच्या वेळी ते आधीचे एकोणीस प्रश्न आणि एकोणीस उत्तरं नव्यानं वाचतं. नवीन चॅट उघडला की हा गठ्ठा रिकामा. नानांनी त्या संध्याकाळी जे सांगितलं ते हरवलं नव्हतं, फोनमधल्या जुन्या चॅटमध्ये होतं. फक्त दुसऱ्या सकाळी मॉडेलपुढे कोणी वाचून दाखवलं नाही.

म्हणजे बॉटची 'आठवण' म्हणतात ती मॉडेलच्या बाहेर असते. कोणीतरी टिपून ठेवतं आणि पुढच्या वेळी बोलणं सुरू व्हायच्या आत ते टिपण मॉडेलपुढे ठेवतं. काय टिपायचं, काय ठेवायचं, हा निर्णय बांधणाऱ्याचा. इथे तो माझा.

सोपा मार्ग वाटतो तो असा की नानांची सगळी जुनी संभाषणं दरवेळी पाठवून द्यावीत. संदर्भाची मर्यादा, म्हणजे मॉडेल एका वेळी किती मजकूर पाहू शकतं ती, आता मोठी आहे. मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत वाचतं त्यांना टोकन म्हणतात; २०२० च्या जीपीटी-३ ला २०४८ टोकनांचीच मर्यादा होती, फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलचं जेमिनी १.५ दहा लाखांच्या गोष्टी करू लागलं. तरी हा मार्ग नको. एक तर खर्च. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात ३ बाइट घेतं. 'द्राक्ष' हा एवढासा शब्द ७ चिन्हांचा, २१ बाइटचा. जुन्या टोकनायझरमध्ये (मजकुराची टोकनं पाडणाऱ्या कोडमध्ये) मराठीचे अगदी तुकडे तुकडे व्हायचे. मे २०२४ मध्ये ओपनएआयनं जीपीटी-४ओ आणलं तेव्हा त्यांच्याच तक्त्यात मराठीचं एक नमुना वाक्य ९६ टोकनांवरून ३३ वर आलेलं होतं. फरक मोठा आहे, पण मराठी अजूनही इंग्रजीपेक्षा महाग पडते. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. लांबलचक मजकुराच्या मधोमध पडलेली गोष्ट मॉडेलच्या नजरेतून निसटते. २०२३ मध्ये यावर अभ्यास झाला: सुरुवातीचं आणि शेवटचं ते चांगलं वापरतं, मधलं कमी. नवी मॉडेलं सुधारली आहेत, तरी नानांची फवारणीची तारीख अशा मधल्या ठिकाणी पडलेली मला चालणार नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

बाकीच्यांनी काय केलंय ते आज वाचलं. ढोबळमानानं दोन पद्धती दिसतात.

एक, टिपणवही. चॅटजीपीटीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये थोड्या लोकांवर हे सुरू केलं: बोलता बोलता बॉट 'वापरणारा शाकाहारी आहे' अशी छोटी वाक्यं साठवतो, ती यादी आपल्याला उघडून पाहता येते, एकेक पुसता येते. दोन, जुन्या गप्पांचा आधार. एप्रिल २०२५ मध्ये त्याच बॉटनं मागच्या सगळ्या संभाषणांवरून माणूस ओळखायला सुरुवात केली. यात सोय जास्त, पण त्यानं नेमकं काय धरलंय ते आपल्याला यादीसारखं समोर दिसत नाही.

संशोधनातल्या दोन कल्पना उपयोगी पडतील. स्टॅनफर्ड आणि गूगलच्या लोकांनी २०२३ मध्ये २५ कृत्रिम पात्रांचं एक गाव वसवलं होतं. प्रत्येक पात्राच्या आठवणींची रांग, आणि त्यातून काय वर काढायचं ते तीन गोष्टींवर ठरे: किती ताजं, किती महत्त्वाचं, आत्ताच्या विषयाशी किती जुळतं. त्याच वर्षी बर्कलीतून मेमजीपीटी आलं. संगणक जसा रॅम आणि डिस्क यांत सामान हलवतो तसं मॉडेलनं स्वतःच संदर्भात काय ठेवायचं आणि काय कपाटात टाकायचं ते ठरवावं, असा तो विचार.

आणि १९६६ ची एलायझा! एमआयटीत वायझेनबॉम यांनी लिहिलेल्या त्या जुन्या चॅटबॉटमध्येही आठवणीची एक इवलीशी सोय होती. माणसानं 'माझं' म्हणून सांगितलेलं वाक्य बाजूला ठेवायचं, आणि पुढे बोलायला काही सुचलं नाही की 'मघाशी तुम्ही म्हणालात...' करून बाहेर काढायचं. वाचून मन भरून आलं. आपलं बोलणं कोणी मघापासून धरून ठेवलंय, एवढ्यानं माणूस खुलतो, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

माझा निर्णय: टिपणवही मुख्य, जुन्या गप्पांत शोध दुय्यम. टिपणवही नानांना वाचता आली पाहिजे. मराठीत, मोठ्या अक्षरात.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

वरच्या प्लॉटाची छाटणी आज धरली. पाठोपाठ डोळे फुटण्यासाठीची पेस्ट. कोडला हात लावला नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

पहिली आवृत्ती नानांच्या फोनवर. संभाषण संपलं की एक वेगळी सूचना मॉडेलला जाते, 'यातून पुढे लागतील अशा गोष्टी काढ', आणि ते वाक्यं साठवतं. आज रात्री साठवलेलं उघडून पाहिलं आणि घाम फुटला.

नोंद क्रमांक ३: 'वरचा प्लॉट, छाटणीचा १० वा दिवस.'

आज खरं आहे. उद्या खोटं. महिन्यानं ही नोंद मॉडेलपुढे गेली तर ते फुलोऱ्याच्या वेळेला पोंग्याचा, म्हणजे डोळे नुकते फुटतानाचा, सल्ला देईल. द्राक्षात सगळं आयुष्य छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतं. फेल काढणं, शेंडा मारणं, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी, सगळं 'कितवा दिवस' विचारून. म्हणून 'दिवस' साठवायचाच नाही. छाटणीची तारीख साठवायची आणि दिवस दरवेळी मोजायचा. नानांना फोन केला, "नाना, तुम्ही छाटणीचा दिवस धरता का सोडता?" म्हणाले, सोडतो. म्हणजे दसऱ्याचा दिवस शून्य. कोडमध्ये तसं लिहिलं.

नोंद क्रमांक ५ आणखी वाईट: 'परवा बोर्डो.' (बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याची फवारणी.)

मराठीतला 'परवा' दोन्हीकडे जातो. 'परवा मारलं' मागचा, 'परवा मारायचंय' पुढचा. क्रियापद सांगतं. आणि माझ्या सारांशानं नेमकं क्रियापदच गाळलं होतं. 'काल', 'परवा', 'तेरवा', 'मागच्या सोमवारी', 'अमावस्येच्या आदल्या दिवशी' या सगळ्यांना आता साठवण्याआधी कॅलेंडरची तारीख लावायची, आणि 'झालं' की 'करायचंय' हा रकाना वेगळा. इंग्रजी उदाहरणं बघून लिहिलेल्या सूचनेत हे मला सुचलंच नव्हतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

घरी सगळे जमलेले. ओढ्याकडच्या प्लॉटाची छाटणी १९ तारखेला झाली. पाऊस अजून पाठ सोडत नाही, सगळ्यांच्या तोंडी डावणी रोग.

काकांनी नानांच्या फोनवरून बॉटला विचारलं, "आपल्या ओढ्याकडच्या प्लॉटात पानं पिवळी पडलीत." बॉटनं नानांच्या प्लॉटाच्या नावे नोंद केली. वाटणी होऊन नऊ वर्षं झाली, पण काकांचा प्लॉटही ओढ्याकडेच, आणि आमच्या घरात दोघं भाऊ अजून दोन्हीला 'आपला'च म्हणतात.

आठवण कोणाची, हा प्रश्न मी गृहीत धरला होता: एक फोन, एक माणूस. आमच्याकडे फोन घराचा असतो. आई त्यावर बोलते, भाऊ बोलतो, दुपारी काका येतात. मोठ्या कंपन्यांच्या बॉटमध्ये आठवण खात्याला बांधलेली असते, आणि खातं म्हणजे एक माणूस असं धरलेलं असतं. मी आता स्क्रीनवर सुरुवातीला चार गोल ठेवलेत: नाना, आई, दादा, पाहुणे. बोलायच्या आधी एकावर बोट ठेवायचं. पाहुण्यांचं काही साठत नाही. काकांना त्यांचा स्वतःचा गोल हवा आहे. देणार.

२ नोव्हेंबर, रविवार

शोधाचं काम. नानांनी विचारलं, "गेल्या वेळी केवड्याला काय मारलं होतं?" उत्तर: नोंद सापडली नाही. नोंद होती, पण 'डावणी' नावानं. केवडा, डावणी, डाऊनी, सगळं एकच. आणि लिहिताना 'डावनी' सुद्धा.

वाक्याचं आकड्यांच्या रांगेत रूपांतर करून अर्थानं जवळची वाक्यं शोधायची, ही नेहमीची पद्धत. पुण्याच्या एल३क्यूब गटानं खास मराठीसाठी केलेलं असं रूपांतर करणारं मॉडेल, महाएसबर्ट, घेऊन पाहिलं. रोजच्या मराठीत ते छान चालतं. रोगांच्या गावठी नावांत मात्र माझ्या चाचणीत डळमळलं. शेवटी दोन्ही ठेवलं: अर्थानं शोध आणि शब्दानं शोध, मधे नानांकडून घेतलेली समानार्थी नावांची यादी. ती यादी हेच या आठवड्याचं खरं काम. उडद्या, भुरी, करपा, पिठ्या ढेकूण... नाना एकेक सांगत गेले, मी लिहीत गेले. फोनवर तासभर. इतका वेळ आम्ही किती दिवसांत बोललो नव्हतो.

महत्त्व ठरवण्याबद्दल: त्या स्टॅनफर्डच्या गावात मॉडेललाच १ ते १० गुण द्यायला सांगितले होते. माझ्याकडे तसं नको. औषध, तारीख आणि प्लॉट यांना कायम पहिला नंबर, मॉडेलला काहीही वाटो. काढणीआधी किती दिवस ते औषध बंद हवं, हे त्यावरून मोजायचं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आजची चूक गंभीर. ती पकडली नानांनी.

नाना बुधवारी बोलले होते, "शेजाऱ्यांकडं भुरी आली. काल फवारलं. आता बघू." बॉटची नोंद: '४ नोव्हेंबर, वरचा प्लॉट, भुरीसाठी फवारणी झाली.' नानांनी फवारलंच नव्हतं, शेजाऱ्यांनी फवारलं होतं.

दोष मॉडेलचा म्हणून मी सोडून देणार नाही. 'मी फवारलं, त्यांनी फवारलं, दादानं फवारलं' यांत 'फवारलं' बदलत नाही, आणि बोलताना कर्ता आपण गाळतो. ऐकणाऱ्या माणसाला ओघावरून कळतं. मॉडेलनं अंदाज केला. अंदाज केला इथवर ठीक, पण तो अंदाज साठवला गेल्यावर त्याची खात्रीची गोष्ट झाली. चॅटमध्ये चुकीचं उत्तर आलं तर ते त्या दिवशी संपतं. चुकीची आठवण रोज नव्या उत्तरात मिसळत राहते, आणि ती कुठून आली ते कोणाला दिसत नाही. दोन आठवड्यांनी सारांशाचा सारांश झाला असता आणि 'शेजारी' हा शब्द कुठेच उरला नसता.

म्हणून मोठा बदल. आता बॉट गुपचूप काही लिहीत नाही. बोलणं संपताना वाचून दाखवतो: "४ तारखेला शेजाऱ्यांनी भुरीसाठी फवारलं. तुमच्या बागेत फवारणी नाही. असं लिहू?" नाना 'हो' म्हणाले तरच नोंद. आणि प्रत्येक नोंदीखाली मूळ वाक्य, नानांच्याच शब्दांत, जसंच्या तसं. बोट लावलं की उघडतं.

मला वाटलं होतं की दरवेळी विचारलं तर नाना कंटाळतील. उलट झालं. "हजेरी वाचून दाखवल्याशिवाय मुकादम सही घेत नाही, तसं झालं हे," म्हणाले. त्यांचा विश्वास आज बसला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज आईशी बोलताना मी गप्प झाले.

गोल येण्याआधीची गोष्ट. ऑक्टोबरात आई दुपारी एकटी असताना नानांच्या फोनवर बॉटशी बोलली होती. गुडघा, रात्री झोप न लागणं, आणि माझ्या लग्नाची काळजी. दोन दिवसांनी नानांनी मजुरांबद्दल विचारलं तेव्हा बॉटनं उत्तरात आपुलकीनं जोडलं की घरी गुडघ्याचा त्रास असल्यानं विरळणीला बाहेरची माणसं घ्यावीत. नानांनी आईला विचारलं, तू मला का नाही सांगितलं? आई मला आज म्हणाली, "मी त्याला सांगितलं होतं, घराला नाही."

यावर मी कोणतंही स्पष्टीकरण दिलं नाही. माफी मागितली.

सगळं लक्षात ठेवणं हा गुण आहे, असं मी दोन महिने मानत होते. एका संभाषणात सांगितलेली गोष्ट दुसऱ्यात नेण्याआधी ज्यानं सांगितली त्याची परवानगी हवी. आजपासून शरीर, पैसा, कर्ज, घरचे संबंध, हे टिपणवहीत जातच नाही. आईला हवं असेल तर तिच्या गोलात, तिनं 'हे लिहून ठेव' म्हटलं तर, आणि दुसऱ्या कोणाला ते उघडणार नाही.

मग पुसण्याचा विचार केला. आईच्या त्या गप्पा पुसायला गेले तर एकाच गोष्टीच्या चार प्रती निघाल्या: मूळ संभाषण, त्यातून काढलेलं टिपण, आठवड्याचा सारांश, आणि शोधासाठीची आकड्यांची रांग. शिवाय रात्रीची बॅकअप प्रत. मोठ्या बॉटमध्येही हे लक्षात ठेवायला हवं: चॅटजीपीटीत चॅट पुसला तरी त्यातून साठवलेली आठवण वेगळी पुसावी लागते. माझ्याकडे आता प्रत्येक टिपण, सारांश आणि रांग यांवर मूळ वाक्याचा क्रमांक आहे. वाक्य पुसलं की त्याच्या मागोमाग सगळं जातं, सारांश नव्यानं बनतो. बॅकअप सात दिवसांत गळतो.

याच आठवड्यात वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले. कायदा २०२३ चा. ज्या कामासाठी माहिती घेतली त्यापुरतीच वापरायची, आणि मागितलं तर पुसून द्यायची. माझा घरचा प्रकल्प त्यात येवो न येवो, आईचं वाक्य मला पुरेसं आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

छोटी पण जरुरीची गोष्ट. दादानं व्हॉट्सॲपवरचा एक लांब मेसेज बॉटमध्ये चिकटवून 'खरं आहे का' विचारलं. मेसेजात होतं, 'हे कायम लक्षात ठेवा, अमुक टॉनिक दर आठ दिवसांनी.' बॉट लगेच 'लिहू का?' म्हणाला. दादानं नाही म्हटलं म्हणून वाचलो.

बाहेरून आलेला मजकूर आठवणीत शिरला की तो माणसाच्या स्वतःच्या म्हणण्यासारखा वागतो. २०२४ मध्ये एका सुरक्षा संशोधकानं चॅटजीपीटीच्या मॅकवरच्या ॲपमध्ये हेच दाखवलं होतं: बाहेरच्या मजकुरातून आठवणीत सूचना पेरायची, आणि मग पुढच्या प्रत्येक संभाषणातलं बोलणं बाहेर पाठवायचं. ती फट नंतर बुजवली गेली. माझ्याकडे आता चिकटवलेल्या मजकुरातून नोंद होतच नाही. फक्त बोललेलं.

३० नोव्हेंबर, रविवार

जुनं पुसायचं का बंद करायचं? ओढ्याकडच्या प्लॉटाची पाण्याची लाइन बदलली. आधी मी जुनी नोंद नव्यानं झाकत होते. नाना म्हणाले, वहीत कोणी खाडाखोड करतं का? रेघ मारायची, खाली तारीख घालून नवं लिहायचं. म्हणजे पुढच्या साली विचारता येतं की तेव्हा पाणी कुठून होतं. तसंच केलं: प्रत्येक नोंदीला 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत'. मॉडेलपुढे फक्त चालू नोंदी जातात, जुन्या विचारल्या तरच. पुसणं वेगळं, रेघ मारणं वेगळं, दोन्हीची बटणं वेगळी.

७ डिसेंबर, रविवार

गावी. सकाळी नाना आणि मी वरच्या प्लॉटात. त्यांनी फोन काढून विचारलं, "कितवा आज?" बॉट म्हणाला, ६६ वा. नानांनी मनात मोजलं, मान हलवली.

मग ते टिपणवही उघडून वरून खाली वाचत गेले. चष्मा कपाळावर, फोन लांब धरून. एकूण ४१ नोंदी. दोन ठिकाणी थांबले. एका नोंदीत औषधाचं पाणी चुकलं होतं, ते स्वतःच बोलून दुरुस्त केलं. दुसरी त्यांनी पुसली. का, ते विचारलं नाही.

"हे कागदावर निघेल का?" म्हणाले. "दर रविवारी. माझ्या वहीच्या पानाएवढं. चिकटवून टाकीन."

संध्याकाळी वहीचं पान मोजलं. डावीकडे शिवणीसाठी दोन बोटं जागा सोडावी लागेल.